बंब सगळ्यांना दिसतो, मागची गाडी कुणालाच दिसत नाही



अग्निशमन दलाने कोट्यवधींची अवजड सपोर्ट गाडी घेतली अशी बातमी आली, की आमच्या चिरनेरच्या नाक्यावर एक प्रश्न ठरलेला असतो. "अरे, त्या गाडीत धड पाणी नाही, उंच शिडी नाही. वर्षातले तीनशे दिवस उभीच राहणार. एवढे पैसे घातले कशाला?"

खरं सांगतो, आधी मलापण असंच वाटायचं. आज माझं मत उलटं आहे. दलाकडे पैसे कमी असतील तर अजून एक बंब घेण्याआधी मागची सपोर्ट गाडी बघावी. आणि तुमच्या धंद्यातही नवीन काउंटर, नवीन बोर्ड, दुसरी ब्रांच याच्या आधी तेच बघावं. का, ते सांगतो.

ही गाडी करते काय?

मुंबईतल्या मोठ्या आगीची बातमी नीट वाचा. इतके बंब, इतके जंबो टँकर, आणि त्या यादीत हमखास एक "ब्रीदिंग अपरेटस व्हॅन", कधी "रेस्क्यू व्हॅन". आपण बंब मोजतो आणि पुढची बातमी वाचतो.

आता हिशोब करू. साध्या बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं. एका नळीतून मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर जातं. दोन नळ्या लावल्या की पाच-सहा मिनिटांत टाकी रिकामी. मागून टँकर आला नाही, तर लाखोंचा बंब नुसता उभा.

माणसांचंही तेच. धुरात शिरणारा जवान पाठीवर हवेचा सिलिंडर घेतो. कागदावर तो अर्धा-पाऊण तास पुरतो. पण जिने चढत, जड नळी ओढत काम केलं की श्वास वाढतो आणि हवा लवकर संपते. हवा कमी झाली की सिलिंडरची शिट्टी वाजते आणि त्याला बाहेर यावंच लागतं. बाहेर दुसरा भरलेला सिलिंडर तयार नसेल, तर आत अडकलेल्या माणसाकडे जाणार कोण?

सपोर्ट गाडीत हेच सगळं असतं. भरलेले सिलिंडर, काही गाड्यांत ते पुन्हा भरायचा कॉम्प्रेसर, जनरेटर, मोठे दिवे, लोखंड कापायचे कटर, जादा नळ्या, फोम. पुढची गाडी काम सुरू करते आणि मागची गाडी ते बंद पडू देत नाही.

उरणची ती सकाळ

आपल्या भागातल्या लोकांना ३ सप्टेंबर २०१९ विसरता येणार नाही. गणपती बसल्याचा दुसरा दिवस. सकाळी सातच्या सुमारास उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली. चार जण गेले. त्यातले तीन सीआयएसएफच्या अग्निशमन शाखेचे, म्हणजे आग विझवायला धावलेलेच.

त्या दिवशी प्रकल्पाच्या स्वतःच्या यंत्रणेसोबत जेएनपीटी, पनवेल, नेरूळकडून गाड्या आल्या. साधारण दोन तासांत आग आटोक्यात आली. आणि दुसरी गोष्ट बघा, इथला गॅस लगेच गुजरातच्या हजिरा प्रकल्पाकडे वळवण्यात आला. म्हणजे आग लागायच्या आधीपासून कुणीतरी विचार करून ठेवला होता की इथलं बंद पडलं तर माल कुठे जाईल.

तुमच्या धंद्याचं हजिरा कुठे आहे? एक मिनिट थांबून उत्तर द्या.

माझी अट

आता दुसरी बाजू. नुसती गाडी घेऊन काही होत नाही. ती चालवणारा ड्रायव्हर तिन्ही पाळ्यांत आहे का? सिलिंडर दर महिन्याला कोण तपासणार? गाडी उभी राहणार कुठे? ही उत्तरं नसतील तर फीत कापून, फोटो काढून गाडी शेडमध्ये गंजणार. नाक्यावरच्या लोकांचा राग तिथे बरोबर आहे. उभी असलेली गाडी फुकट नाही. पण तयार नसलेली गाडी नक्की फुकट आहे.

आपल्याकडे हा प्रश्न आता जास्तच जवळचा आहे. २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. त्याच वर्षी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमलं, त्यात १२४ गावं आहेत. उद्या गोदामं येतील, टॉवर येतील. रस्त्यावर कंटेनर ट्रेलरच्या रांगा आजही आहेत. त्या रांगेतून बंब यायला किती वेळ लागेल? म्हणून रस्ते आणि प्लॉटसोबत अग्निशमन केंद्र आणि त्याची मागची गाडी पहिल्या आराखड्यातच हवी. ग्रामसभेत हा प्रश्न व्यापाऱ्यांनी विचारला पाहिजे, कारण पहिलं नुकसान आपलंच होणार आहे.

माझ्या दुकानात काय झालं

मी दुकानदार आहे. पत्रावळी, द्रोण, कागदी कप, पॅकिंगचं सामान. सगळा माल जळणारा. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर रात्री इन्व्हर्टरची वायर तापून धूर सुरू झाला. शेजारच्या काकांना वास आला, त्यांनी फोन केला. मी धावत गेलो. मेन स्विच खोक्यांच्या मागे. आग विझवायचा लाल सिलिंडर खोक्यांच्या मागे. हात घालून काढला, तर काटा लाल पट्ट्यात. म्हणजे प्रेशरच नाही! घेतल्यापासून कधी बघितलाच नव्हता.

शेवटी काकांनी बाहेरून मीटरचा मेन पाडला, आम्ही कोरडी रेती टाकली आणि वाचलो. साठेक हजारांचा माल गेला. विमा होता, पण रक्कम जुनीच, पाच लाखांची. दिवाळीचा माल भरलेला दहा लाखांचा. विम्यात सरासरीचा नियम असतो. माल दहाचा आणि विमा पाचचा असेल, तर नुकसानही साधारण निम्मंच मिळतं. साठचे तीस मिळाले. चूक कुणाची? माझीच. बीबीएला जोखीम व्यवस्थापन शिकलो होतो, पण खोकी सरकवायला शिकलो नव्हतो.

तुमची मागची गाडी तयार करा

१. मेन स्विच आणि सिलिंडर यांच्यासमोर तीन फूट जागा मोकळी. सीझनमध्येही.

२. दुकानासाठी एबीसी पावडरचा, आयएसआय मार्क असलेला सिलिंडर घ्या. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघा, वर्षातून एकदा सर्व्हिसिंग. आग छोटी असेल तरच वापरा, पाठ दाराकडे ठेवून. मोठी वाटली तर बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा.

३. विम्याची रक्कम सीझनच्या मालावर ठरवा. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. एजंटला हेच नाव सांगून विचारा.

४. बिलं, उधारीची वही, स्टॉकची यादी यांचे फोटो दुकानाबाहेर ठेवा. क्लेमच्या वेळी तेच पुरावे.

५. दोन-तीन महिन्यांचं भाडं आणि पगार वेगळ्या खात्यात. हा तुमचा टँकर. पहिली टाकी संपल्यावर धंदा यावर चालतो.

एकट्याला जमत नसेल तर दहा दुकानदार एकत्र या. रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातल्या कंपन्यांचा 'मार्ग' नावाचा गट आहे, एकाकडे आग लागली की बाकीचे आपली माणसं आणि सामान घेऊन येतात. मग बाजारपेठेतल्या दहा दुकानांना एक मोठा सिलिंडर, एक जनरेटरवरचा दिवा आणि सगळ्यांच्या फोन नंबरची यादी का जमू नये?

दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन जवान गेले. आम्ही आता दर १४ एप्रिलला सकाळी दुकान तपासतो. पण तुम्ही एप्रिलची वाट बघू नका. आज शटर ओढायच्या आधी फक्त सिलिंडरचा काटा बघा. लाल पट्ट्यात असेल तर उद्या पहिलं काम तेच, मग बोहनी.