धूळ टाळा म्हणे!

दवाखान्याच्या कागदावर छापलेलं असतं : धूळ टाळा. धूर टाळा. दमट जागा टाळा. थंडीत पहाटे बाहेर पडू नका. हा कागद माझ्या बापाच्या हातात ठेवला गेला. बाप पालिकेचा झाडूवाला. पहाटे चौकीवर हजेरी, मग अख्खा रस्ता सुक्या झाडूने झाडायचा. त्याने काय टाळायचं? नोकरी?

कागद खोटा आहे असं मी म्हणत नाही. अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त तो ज्याच्यासाठी लिहिलाय तो माणूस तिसऱ्या मजल्यावर खिडकी लावून झोपलेला असतो, आणि त्याच्या दारातली धूळ आपला माणूस छातीत भरून नेतो.

ही वाटणी आजची नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना साचाखात्यात घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे, थुंकी लागून बाटेल म्हणून. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मग आपला माणूस गेला कुठे? रिंगखात्यात. पगार कमी आणि साचाखात्यापेक्षा कापसाची धूळ जास्त. त्या धुळीच्या आजाराला बायसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी, की रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळून येते. थुंकीचा विटाळ त्यांना, धूळ आपल्याला!

आता दोस्तहो, आजाराचं सरळ बोलू. वस्तीत सगळ्यालाच 'दमा' म्हणतात. त्यातला एक दमा असा, की मधे मधे उसळतो आणि मधे माणूस ठणठणीत असतो. दुसरा सीओपीडी. वर्षानुवर्षं धूर-धूळ खाऊन श्वासाच्या नळ्या अरुंद होतात, त्या पूर्ण मोकळ्या पुन्हा होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली या आजाराने जगात ३५ लाख माणसं मेली. सत्तरीच्या आत मेलेल्यांपैकी जवळजवळ ९० टक्के गरीब आणि मध्यम मिळकतीच्या देशांतली. आणि बिडी न ओढणारी बाईही यात येते. तिने जन्मभर चूल फुंकलेली असते. टीबी बरा झालेल्याचंही फुफ्फुस पुष्कळदा अधू राहतं. त्याला धाप लागली की लोक म्हणतात टीबी उलटला. बेडका तपासल्याशिवाय हे कुणी ठरवू नये.

माणूस मरतो तो बहुतेकदा उसळीत. रोजची धाप रोजचीच असते, पण एखाद्या आठवड्यात ती वाढते. जिना चढताना एकदा थांबणारा तीनदा थांबतो. खोकला वाढतो, बेडका वाढतो, पांढऱ्याचा पिवळा-हिरवा होतो. उशी उंच केल्याशिवाय झोप येत नाही. इथेच दवाखाना गाठायचा. ओठ-नखं निळी पडली, वाक्य पुरं बोलता येईना, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. गाडी होईपर्यंत त्याला पुढे वाकून बसवा, नाकाने श्वास आत आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून हळूहळू बाहेर. गल्लीतला सुईवाला डॉक्टर दोन दिवस बरं वाटेल असं काहीतरी टोचतो, तिसऱ्या दिवशी मोठं हॉस्पिटल. हे मी डोळ्यांनी पुष्कळदा पाहिलंय.

पंपाची लाज तर साली सोडूनच द्या. पंपाची सवय लागते ही निव्वळ थाप आहे. औषध सरळ नळीत जातं, म्हणून गोळीपेक्षा थोडं पुरतं. पोरीचं लग्न मोडेल म्हणून आया पंप पिठाच्या डब्यामागे लपवतात आणि दम लागला की तो सापडत नाही!

उसळी कशाने येते हे प्रत्येकाचं थोडं वेगळं. वहीत लिहा : कालपासून दम वाढला, काल काय झालं होतं? दोन महिन्यांत चोर सापडतो. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सापडलेले सांगतो. मच्छरची कॉईल पहिली. २००३ साली छापलेल्या एका तपासणीत एका कॉईलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतका बारीक धुरकण निघाला. बंद खोलीत, पोरांच्या उशाशी! मच्छरदाणी लावा. मग मिरचीची फोडणी, रॉकेलचा स्टो, डांबरगोळ्या. संडास धुताना अ‍ॅसिडात ब्लीचिंग पावडर टाकली की विषारी क्लोरीन सुटतो, दोन्ही कधीच एकत्र नको. पावसाळ्यात भिंतीला धरलेली बुरशी. घर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि साधी सर्दी, ती तर सगळ्यात मोठी उसळवणारी. फ्लूची लस दर वर्षी असते, डॉक्टरला विचारा.

आणि बिडी. आजार कुठल्याही पायरीवर असो, ती सुटली की घसरण मंदावते. म्हातारा झालो, आता काय सोडायची, हे बरोबर नाही. पण बिडी एकटा बाप ओढत नाही, अख्खी खोली ओढते.

आता जरा आपल्याच घरात बघू. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत फटाक्यांच्या माळा कशासाठी? दिवाळीत त्यांच्या धुराला शिव्या घालायच्या आणि आपला धूर क्रांतिकारक? विहारात बंद दाराआड उदबत्त्यांचे जुडगे जाळतात. मागच्या रांगेत म्हातारी पदर नाकाला लावून बसते, बोलत नाही, कारण बोलली तर श्रद्धा कमी. फूल ठेवा, दिवा लावा, खिडकी उघडा. हे मी सभेत बोललो तेव्हा दोघे-तिघे उठून गेले. जाऊ द्या.

पण घर पुसून देवनार पुसता येत नाही. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला, दिवसेंदिवस धुमसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोवंडीच्या माणसाने कुठली खिडकी लावायची होती? माहुलला रिफायनरीच्या शेजारी प्रकल्पग्रस्तांना नेऊन कोंबलं, तेही २०१५ साली हरित लवादाने तिथल्या हवेने आरोग्याला धोका असल्याचं मान्य केल्यानंतर. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, लोकांना तिथे राहायला भाग पाडू नका, घर देता येत नसेल तर भाडं द्या. लोक वर्षानुवर्षं लढले म्हणून हे झालं. पोस्टरने झालं नाही.

भरपाई कायद्याच्या यादीत सिलिकोसिस आहे, बायसिनोसिस आहे. पण यादीत बसवायला आधी माणसाच्या फुफ्फुसाची नोंद लागते. ठेक्यावरच्या झाडूवाल्याची हजेरीच धड लागत नाही, तिथे फुफ्फुसाची कोण लावतो? म्हणून चौकी-चौकीवर मागणी करा : कामावर घेताना आणि मग दर वर्षी यंत्रात फुंकून होणारी श्वासाची तपासणी, कायम आणि ठेका दोघांची, आणि तिचा कागद कामगाराच्या हातात. झाडण्याआधी रस्त्यावर पाणी. धूळ गाळणारा मास्क, रुमाल नव्हे, रुमालाने बारीक धूळ अडत नाही. ज्याला उसळी येऊन गेली त्याला पगार न कापता दुसरं काम.

मुकादम म्हणेल वरून हुकूम नाही. वरचं नाव विचारा, लिहून घ्या, आणि पुढच्या सोमवारी दहा जण मिळून तिथे जा.