रान आपले, बंदूक पाहुण्याची



जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. झाडीत काही हलले, डुक्कर समजून एकाने गोळी झाडली आणि टोळीतलाच माणूस मेला. बाकीचे घाबरले. पोलिसांना कळवण्याऐवजी त्यांनी प्रेत झुडपात लपवले. काही दिवसांनी सारे उघडकीला आले आणि अटका झाल्या.

तो मुलूख भाताचा, आपला कापूस-ज्वारीचा. तिथली बातमी इथे कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्वारी हुरड्यात आली की आपल्याकडे काय चालते ते आपल्याला ठाऊक आहे. दहा-बारा डुकरांचा कळप एका रात्रीत एकराची ज्वारी आडवी करतो, रोही कपाशीचे शेंडे खुडतात. जागल करून माणूस थकतो. मग शहरातला कोणी बंदूकवाला ओळख काढून येतो आणि म्हणतो, ‘पाटील, तुमच्या रानात रात्री बसू द्या. तुमचे पीक वाचेल, आमची हौस भागेल.’ पाटील म्हणतो, बसा. त्याच्या या एका शब्दाची किंमत काय होऊ शकते, तेवढेच इथे सांगायचे आहे.

बोरशेतीला जे घडले ते जंगलात घडले. तेच आपल्या तुरीच्या ओळीत घडले असते तर पोलिसांनी पहिल्यांदा सातबारा पाहिला असता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी नव्हे. फासा, विष, सापळा, हाका घालणे, हे सारे शिकारच. ती सरकारी जंगलात केली काय नि खाजगी शेतात केली काय, गुन्हा तोच. ५२ वे कलम सांगते की गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत देणाऱ्याने तो गुन्हा केला असेच धरावे. शेजारी शिकार करतो हे नुसते माहीत असणे म्हणजे मदत नव्हे. पण बोलावणे, पाणवठ्याची वाट दाखवणे, मचाण बांधून देणे, मटणाचा वाटा घेणे याला कोर्टात दुसरे नाव मिळत नाही. रानडुकराच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाहुण्याची जीप आणि बंदूक जप्त होते. आपल्या वाट्याला कोर्टाच्या तारखा येतात.

माणूस मेला तर गोष्ट आणखी पुढे जाते. हयगयीने मरण घडवले तर भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. प्रेत किंवा रक्ताची माती हलवणाऱ्याला २३८ वे कलम वेगळे लागते. ज्याने डुकरासाठी कुंपणात विजेची तार सोडली, त्याला तर पाहुण्याकडे बोट दाखवायचीही सोय नाही. पहाटे चारा आणायला निघालेली शेजारीण त्या तारेला चिकटली तर गोळी न झाडताच मालक आरोपी होतो.

‘पण पाहुण्याकडे परवाना आहे,’ असे म्हणणारे भेटतात. तो परवाना बंदूक बाळगण्याचा. शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, ती ज्याचे पीक त्याच्यासाठी. जनावर मारण्याची परवानगी हा वेगळा कागद आहे. वसई-विरारच्या डोंगराकडे २००३ साली तुंगारेश्वर अभयारण्य झाले. अशा अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानेदाराला वनखात्याकडे नाव नोंदवावे लागते, आणि लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन आत पाऊल टाकता येत नाही. जखमी डुक्कर शेताची हद्द पाहून थांबत नाही. त्याच्या मागे जो हद्द ओलांडतो तो मोठ्या गुन्ह्यात शिरतो. टिपेश्वर असो की ताडोबा, नियम हाच आहे.

मग शेतकऱ्याने करायचे काय? त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात उभ्या पिकाला धोका असेल तर लेखी परवानगीने जनावर मारता येते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रोही आणि रानडुकरासाठी ही परवानगी देण्याचे काम रेंजरपर्यंत खाली आणले. चंद्रपुरात २०१६ साली परवानगीने डुकरे मारली गेली, तेव्हा मनेका गांधींनी ५३ चा आकडा सांगून आपल्याच सरकारच्या पर्यावरणमंत्र्यांवर जाहीर टीका केली. आडवी झालेली एकरे मात्र कोणी मोजली नाहीत.

आणखी एक गंमत पाहा. परवानगीने मारलेले डुक्करही ३९ व्या कलमाने सरकारी मालमत्ता ठरते. मेलेले डुक्कर सरकारचे, मग रात्रभर ज्वारी खाणारे जिवंत डुक्कर कोणाचे? सरकारच्या मालकीची गुरे आमच्या शेतात चरतात, आणि ती हाकलण्याचा धोका, खर्च, खटला आम्ही सोसायचा. पाहुण्याला चोरून रानात बसवले की हा प्रश्न विचारायचे आपले तोंडच बंद होते. ज्यांनी कळप आवरायचा तेच पंचनामा करायला येतात, आणि आपण आरोपी होऊन उभे असतो.

तेव्हा बंदूकवाला आला तर एकच विचारा, ‘माझ्या गटनंबरचा लेखी हुकूम दाखव.’ नसेल तर चहा पाजून परत पाठवा. शेत बटईने दिले असेल तर बटईदारालाही हे समजावून सांगा. परवानगी असली तरी शेजारच्या बांधांवर आणि पोलीस पाटलाला आधी कळवल्याशिवाय रात्री कोणाला रानात उतरू देऊ नका.

नुकसान झाले की त्याच दिवशी वनखात्याला अर्ज द्या. नुकसानभरपाईचा आणि परवानगीचा असे दोन वेगळे अर्ज करा, आणि दोन्हींवर तारखेसह पोच घ्या. त्या पोचांच्या नकला जिल्हा बैठकीला येताना आणा. ज्याच्या अर्जाला उत्तर आले नाही त्याने तेही लिहून आणावे. तालुकावार यादी करून ती सगळ्यांनी मिळून उपवनसंरक्षकांच्या टेबलावर ठेवायची आहे.