सूर्यास्ताआधीचे अंतर

व्यापारानिमित्त पुण्यास येणारे कुटुंब प्रथम दुकानाचा गाळा निश्चित करते आणि मग घर शोधू लागते. गाळा मार्केट यार्डात असला, तरी दलाल बहुधा दूरच्या उपनगरातील सदनिका दाखवतो. तितक्याच पैशांत एक खोली अधिक, खाली बाग, पोहण्याचा तलाव. प्रलोभन खरोखरच मोठे असते. परंतु पुण्यात जूनअखेरीस सव्वासातच्या सुमारास मावळणारा सूर्य डिसेंबरच्या आरंभी सहालाच मावळतो. ज्या घरी चौविहार पाळला जातो, तेथे हा सव्वा तास फार मोलाचा असतो. गुलटेकडीहून बिबवेवाडी, मुकुंदनगर वा सॅलिसबरी पार्क येथे राहणारा कर्ता पुरुष साडेपाचला निघूनही वेळेत पानावर बसू शकतो. वाघोलीकडे निघालेला तेव्हा वाहनांच्या रांगेतच असतो. मग त्याचा डबा दुकानात, आणि मुलांचे जेवण वडिलांविना.

वृद्धांचा विचार तर सर्वांत शेवटी होतो. गावी आजी-आजोबा देरासरात किंवा स्थानकात आपले आपण चालत जात. नव्या ठिकाणी रस्ता ओलांडण्यासाठी कोणाची सोबत लागू लागली, की हळूहळू त्यांचे जाणे थांबते, आणि ते तक्रारही करीत नाहीत. म्हणून घर पाहावयास त्यांनाही न्यावे, तेही रविवारी नव्हे, तर कामाच्या दिवशी सायंकाळी. पाण्याची चौकशी मात्र दलालाकडे न करता कोपऱ्यावरील किराणा दुकानदाराकडे करावी. त्याला सदनिका विकावयाची नसते.