संकष्टीचा चंद्र
संकष्टीच्या रात्री स्वयंपाकघरात मोदक वाफेवर असतात आणि कुणीतरी गच्चीत जाऊन पूर्वेकडे पाहून येतं. चंद्र वर येतो तेव्हा त्याची वरची कड थोडी झिजलेली दिसते. तिथे पृथ्वीची सावली पडली आहे, असं शिकलीसवरलेली माणसंही मुलांना सांगतात. ते चूक आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात, आणि ते पौर्णिमेलाच होतं. एरवी चंद्राचा सूर्याकडचा अर्धा भाग सतत उजळलेला असतो. त्यातला किती आपल्याला दिसतो, एवढंच रोज बदलतं. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, आणि सुमारे २९.५ दिवसांत फेरा पुरा होतो. याच चालीमुळे चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि संकष्टीचा उपास सुटायला रात्रीचे नऊ वाजतात. येत्या संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहताना खोलीत एकच दिवा ठेवा, मुलाला चेंडू हात लांब करून डोक्याच्या थोडा वर धरायला सांगा आणि जागच्या जागी फिरू द्या. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या साऱ्या कला त्याला चेंडूवर दिसतील. पाठांतरापेक्षा हे पाच मिनिटांचं पाहणं मुलांना जास्त शिकवतं.