गोळा ओळखू आला? मग मागे फिरा

नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांत पसरलेल्या के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्राभोवतीची गावे, देवळालीच्या तोफखान्याच्या सरावक्षेत्रालगतच्या वाड्या, पुलगावच्या दारूगोळा भांडाराशेजारच्या वस्त्या आणि या भागांतले सगळे भंगारवाले, तुम्हा सर्वांना ही कळकळीची विनंती आहे. पाऊस तोंडावर आला आहे. पहिल्या दोन-चार सरींत माळावरची माती वाहून जाते, ओढ्याकाठी ओघळी पडतात आणि वर्षानुवर्षे गाडलेले लोखंड उघडे पडते. त्यातले काही अजून जिवंत असते. ते उचलू नका, पायाने उलटवू नका, निरखायला जवळ जाऊ नका. आल्या पावली मागे फिरा आणि ११२ वर फोन करा.

रेंजच्या गावांतल्या माणसांना दारूगोळ्यातले काही कळत नाही, हा शहरातला गैरसमज आहे. नुसत्या आवाजावरून रणगाडा की उखळी तोफ हे सांगणारे म्हातारे तिथे पारावर बसलेले असतात. पोरांनाही पितळ कुठे, तांबे कुठे, ॲल्युमिनियम कुठे हे पाठ असते. घात करते ते हेच अर्धे ज्ञान. ‘हा सरावाचा आहे’, ‘याची दारू केव्हाच गेली’, ‘याला गंज चढलाय, काही होत नाही’ ही वाक्ये अनाडी माणूस बोलत नाही, थोडेफार कळणाराच बोलतो.

तांब्याच्या कड्याचेच बघा. तोफगोळ्याच्या बुडाजवळ, अंगाभोवती घट्ट बसवलेली तांब्याची किंवा तांबूस धातूची पट्टी असते. भंगारात किंमत हिलाच, म्हणून छिन्नी-हातोडा पहिला तिच्यावरच पडतो. तोफेच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. गोळा सुटताना ही मऊ पट्टी त्या खाचांत रुतते आणि गोळ्याला मिनिटाला हजारो फेऱ्यांचा वेग मिळतो. म्हणून न झाडलेल्या गोळ्याची पट्टी गुळगुळीत असते आणि झाडलेल्या गोळ्याच्या पट्टीवर तिरप्या, समांतर चरांची रांग उमटलेली दिसते.

हे चर म्हणजे सगळ्यात मोठी धोक्याची खूण. गोळ्याच्या नाकात किंवा बुडात स्फोट घडवणारा फ्यूज असतो. भांडारात, गाडीत, हाताळताना तो उडू नये म्हणून त्यात एकाआड एक अडसर ठेवलेले असतात. सुटण्याचा धक्का आणि फिरण्याचा वेग हे दोन्ही मिळाले की ते अडसर बाजूला होतात. म्हणजे पट्टीवर चर आहेत आणि गोळा अखंड आहे, तर तो सुटला, त्याचे अडसर निघाले आणि शेवटचे काम तेवढे राहून गेले. ते का राहिले, कशाने पुरे होईल, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. घणाचा एक घाव पुरतो, कधी नुसते उचलून पोत्यात टाकणे पुरते. मात्र हे चर तपासायला जवळ जाऊ नका. माळावर पडलेला अखंड गोळा झाडलेलाच समजायचा. उखळी बॉम्बला ही पट्टी नसते, त्याला शेपटीला पाती असतात. गुळगुळीत नळीच्या रणगाड्यातून सुटणाऱ्या गोळ्यालाही पाती असतात. शेपटी दिसली की लांबूनच कळायला हवे. रणगाडाभेदी गोळ्यांत काहींच्या नाकात असा स्फटिक बसवलेला असतो की तो दाबला गेला की वीज तयार होते आणि गोळा उडतो. म्हणून गोळ्यावर पाय द्यायचा नाही आणि दगड तर मुळीच मारायचा नाही.

रंगावरही भिस्त ठेवू नका. पिवळा म्हणजे तीव्र स्फोटक, तपकिरी म्हणजे ढकलणारी दारू, फिका हिरवा म्हणजे धुराचा आणि निळा म्हणजे सरावाचा, असे संकेत नाटो देशांत आहेत. त्यातला ‘निळा म्हणजे सरावाचा’ एवढाच तुकडा ऐकीव माहितीत उरतो आणि माणसे निर्धास्त होतात. पण सरावाचा बॉम्ब कुठे पडला हे लांबून दिसावे म्हणून त्यातही धूर आणि जाळ काढणारी दारू भरलेली असते. हाताची बोटे आणि डोळे जायला तेवढी पुरेशी आहे. शिवाय प्रत्येक देशाचे आणि प्रत्येक काळाचे संकेत वेगळे असतात. दोन उन्हाळे माळावर काढल्यावर कुठला रंग आणि कुठली अक्षरे? धुराच्या काही गोळ्यांतला पांढरा फॉस्फरस तर हवा लागताच पेटतो. मातीखाली दबलेला असताना तो शांत असतो, खोऱ्याने उकरला की जळू लागतो.

बंदुकीच्या काडतुसांचे थोडे निराळे. त्यांच्या बुडावर कारखान्याची अक्षरे, साल आणि कधी मापही ठोकलेले असते. वरणगावच्या काडतुसावर ‘ओएफव्ही’, खडकीच्या काडतुसावर ‘केएफ’. आपल्या जळगाव आणि पुणे जिल्ह्यांतलेच कारखाने हे. पण त्या अक्षरांवरून काडतूस कुठले हे कळते, जिवंत आहे की नाही हे कळत नाही. बुडाच्या मधल्या टोपीवर खड्डा दिसला की झाडलेले समजतात, तेही अपुरे आहे. घोडा पडूनही न उडालेल्या काडतुसाच्या टोपीवर तसाच खड्डा असतो. पुढे गोळी बसलेली असेल तर खड्डा असो वा नसो, ते जिवंत धरायचे. ते जवळ बाळगणे हा कायद्याने गुन्हाही आहे.

‘जुने आहे’ हा शेवटचा आधार, आणि तोच सगळ्यात लटका. मार्च २०१४ मध्ये बेल्जियममधल्या ईपर शहरात पहिल्या महायुद्धातला गोळा फुटून दोन बांधकाम मजूर ठार झाले. त्या युद्धाला सुरुवात होऊन तेव्हा १०० वर्षे होत आली होती. जुनेपणाने दारू मरत नाही, फ्यूजचे सुटे भाग मात्र गंजून आणखी बेभरवशाचे होतात. आपल्याकडे २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी पुलगावजवळ सोनेगाव आबाजी शिवारात, निकामी करायला आणलेला दारूगोळा हाताळताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत कंत्राटावर आलेले मजूर होते. जिथे फौजेची शिस्त आहे, नेमून दिलेली जागा आहे, तिथे ही गत. घराच्या पडवीत छिन्नी घेऊन बसलेल्या माणसाने काय समजायचे?

तांब्याचा भाव किलोला शेकड्यांत आहे आणि माळावरच्या कोरडवाहू जमिनीत मजुरी मिळत नाही, हे मला माहीत आहे. हौसेखातर कुणी रेंजमध्ये शिरत नाही. म्हणून माझा पहिला रोख भंगारवाल्यांवर आहे. माल तुम्ही घेता म्हणून तो गोळा होतो. काट्यावर अखंड गोळा, शेपटीचा बॉम्ब किंवा गोळी बसलेले काडतूस आले तर भाव सांगू नका, दुकानातली माणसे बाहेर काढा आणि पोलिसांना कळवा. गॅसकटर चालवणारा तुमचाच पोरगा असतो.

ज्यांच्या घरात, गोठ्यात, माळ्यावर अशी वस्तू आधीच येऊन पडली आहे, त्यांनी आजच कळवावे. ती पिशवीत घालून पोलीस ठाण्यात नेऊ नका. दुचाकीच्या डिकीत गोळा ठेवून चौकीवर जाण्यात गाव आणि चौकी दोन्ही धोक्यात येतात. वस्तू जागेवर राहू द्या, घर रिकामे करा, मग फोन करा. पोलिसांच्या भीतीने विहिरीत किंवा ओढ्यात टाकून देण्याचे प्रकार होतात. त्याने धोका फक्त पुढच्या माणसाकडे सरकतो, कारण गाळ काढायला पुढच्या उन्हाळ्यात जेसीबी तिथेच लागणार.

माळावर किंवा शेतात दिसले तर ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत या, गुरे आणि माणसे मागे घ्या. मोठ्या गोळ्याचे तुकडे कित्येकशे मीटर उडतात, म्हणून चांगले लांब, बांधाच्या किंवा टेकाडाच्या आड गेल्यावरच मोबाईल काढा. फोटोसाठी पुन्हा जवळ जाऊ नका. हातभर आहे की वीतभर, शेपटी आहे का, अंगाला पट्टी आहे का, किती गाडलेले आहे, जवळात जवळ कुठले झाड किंवा खांब आहे, एवढे जमेल तितके सांगा. बॉम्बशोधक पथकाला त्यावरून तयारीने येता येते. ओळखायचे ते एवढ्यापुरतेच.

सरपंच आणि पोलीस पाटलांनी हे या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगावे, मुख्याध्यापकांनी शाळा उघडताच पहिल्या दिवशी सांगावे, मेंढपाळांच्या वाड्यांवर माणूस पाठवून सांगावे. लष्कराने सरावाच्या तारखांची नोटीस तहसीलच्या फलकावर लावून न थांबता ती वाडीवस्तीपर्यंत पोहोचवावी आणि सराव संपल्यावर न फुटलेल्या गोळ्यांचा शोध घेऊन शिवार मोकळे झाल्याचे गावाला लेखी कळवावे. गावाने ते मागून घ्यावे. पथक येईपर्यंत पोलीस पाटलाने वाटेवर दोन माणसे उभी करावीत, रात्र झाली तरी हटवू नयेत, आणि बघ्यांना, त्यातही मोबाईलवर व्हिडिओ काढायला आलेल्यांना, तिथूनच परत पाठवावे.