नजर कुणावर? चोरीच्या गाडीवर की गरिबाच्या अंगठ्यावर?

हुपरी हे चांदीचे गाव. घरोघरी पैंजण घडवणारे हात इथे आहेत. चांदी घासून बोटांच्या रेषा पुसट झालेली बाई रेशन दुकानात गेली की यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळते. त्या 5 किलोंसाठी तिने अंगठा पुन्हा पुन्हा दाबायचा. उलट, ई-वे बिलाच्या केंद्रीय नियमांतून चांदी-सोन्याचे दागिने वगळलेले आहेत. आमचा रोष कारागिरांवर नाही. पहारा कुणावर आणि सूट कुणाला, हा प्रश्न आहे.

अंगठ्यामुळे बनावट नोंदींना आळा बसतो, हे आम्ही मान्य करतो. पण मापात मारलेला किलो अंगठ्याला दिसत नाही. गोदामातून निघून भलत्याच गिरणीकडे वळलेला ट्रकही दिसत नाही. तो जीपीएसला दिसतो. गोदाम ते दुकान हा रस्ता नकाशावर आखला, की गाडी कुठे वळली, कुठे तासभर थांबली हे लगेच कळते.

मग तो नकाशा फक्त साहेबांच्या पडद्यावर का? छत्तीसगडने रेशनच्या ट्रकना पिवळा रंग दिला आणि माल निघाल्याचा एसएमएस नागरिकांना पाठवला. माल कधी निघाला हे गावाला कळले, तर वाटेत मुरवणे अवघड होते. 2013 च्या कायद्यातली कलमे 27, 28 आणि 29 नोंदी खुल्या ठेवणे, सामाजिक अंकेक्षण आणि दक्षता समित्या यांसाठीच आहेत.

तंत्रज्ञान व्यवस्थेच्या हाती एकटे राहिले, की ते खालच्याच माणसाच्या मनगटाला बांधले जाते. नागपुरात सफाई कामगारांच्या हातात जीपीएसची घड्याळे आली, ती याच वृत्तीतून.

तरुण मित्रांनो, आपल्या दक्षता समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे लेखी विचारा. गाड्यांच्या जीपीएस नोंदी माहिती अधिकारात मागा. 1920 ची माणगाव परिषद आपल्याच हातकणंगले तालुक्यात झाली. तिचा वारसा सांगणाऱ्यांनी गावातल्या धान्याचा हिशेब तरी मागितलाच पाहिजे.

जय भीम!