जहाजावरचा खाडा

महिन्याच्या दराने खानावळीत जेवणाऱ्याला ‘खाडा’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. उद्या येणार नाही, असे आदल्या दिवशी कळवले तर खाडा धरला जातो. न कळवता पान रिकामे ठेवले तर पैसे बुडतात. या रिवाजात सौजन्य किती आणि हिशेब किती, याची चिकित्सा कोणी करीत नाही. हिशेबाच्या धाकाने का होईना, कळवण्याची सवय अंगवळणी पडते. ज्यांना आता सर्रास ‘क्रूझ’ म्हटले जाते, त्या सागरी सहलींच्या जहाजांवर हा धाक नाही. सगळी जेवणे तिकिटातच धरलेली असतात. प्रवासी भोजनगृहात आला तरी पैसे तेवढेच, न आला तरी तेवढेच. त्यामुळे न सांगता गैरहजर राहणे योग्य की अयोग्य, हे तेथे केवळ शिष्टाचारावर सोडलेले असते आणि शिष्टाचाराची बाजू बहुधा लंगडी पडते.

या जहाजांवरील पारंपरिक व्यवस्था अशी की, रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती होतात. पहिली सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. प्रवाशाला पंगत आणि टेबल नेमून दिलेले असते. एकमेकांना अनोळखी असलेली सहा-आठ माणसे एका टेबलाशी बसतात आणि सफर संपेपर्यंत सोबती तेच, वाढपीही तोच. कोणाला मांस वर्ज्य आहे, कोणाला कॉफी बिनदुधाची लागते, हे त्या वाढप्याला दोन-तीन दिवसांत पाठ होते. ही शिस्त जुन्या प्रवासी बोटींपासून चालत आलेली आहे. एकोणिसाव्या शतकात तर लांबलचक टेबलांभोवतीच्या खुर्च्याही जमिनीला जखडलेल्या असत. १९०५ मध्ये ‘अमेरिका’ नावाच्या जर्मन बोटीवर स्वतंत्र उपाहारगृह निघाले आणि श्रीमंत प्रवाशांना ठरलेली पंगत चुकवून स्वखर्चाने हवे ते खाण्याची सोय झाली. पुढे ‘टायटॅनिक’वरही असे उपाहारगृह होते. सगळी जेवणे तेथेच घेणार असल्याचे तिकीट काढतानाच सांगणाऱ्या प्रवाशाला भाड्यात सूट मिळे. म्हणजे खाडा धरण्याची रीत अटलांटिक महासागरावरही होती, आणि अट तीच होती: आधी सांगणे.

आज न सांगता खुर्ची रिकामी ठेवली तर नेमके काय होते? अन्न वाया जाते, हा नेहमीचा युक्तिवाद येथे फारसा टिकत नाही. हजारो माणसांचा स्वयंपाक अंदाजाने होतो आणि एका माणसाच्या येण्या-न येण्याने भटारखान्याचे गणित बिघडत नाही. खरी अडचण टेबलाशी होते. बाकीचे सोबती सभ्यपणाने थांबतात. वाढपी पाच मिनिटे, दहा मिनिटे वाट पाहतो आणि शेवटी पदार्थांची मागणी विचारतो. तोवर शेजारच्या टेबलांवर सार येऊन गेलेले असते. पहिल्या पंगतीला झालेला हा उशीर दुसऱ्या पंगतीसाठी टेबल मांडण्याच्या वेळातून कापला जातो. शिवाय माणसांच्या मनात शंका येतात. कालचे आपले बोलणे तर लागले नाही ना? प्रकृती तर बिघडली नाही ना? आणि मग ते गृहस्थ वरच्या मजल्यावर पोहण्याच्या तलावाकाठी खुशाल पिझ्झा खाताना दिसतात.

वाढप्याचे दुःख निराळे आहे आणि ते मराठी वाचकाला अगदी परके नाही. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर गोमंतकीय स्ट्युअर्ड आणि आचारी कित्येक पिढ्या राबले. बोट मिळेपर्यंत मुंबईतल्या धोबीतलाव-माझगावच्या ‘कुडां’मध्ये त्यांचा मुक्काम असे. आजही या जहाजांवर छातीवरच्या पट्टीवर नावाखाली ‘भारत’ असे लिहिलेला तरुण थाळ्यांची चळत पेलत येताना दिसतो. त्याचा करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्या काळात आठवड्याची सुटी नसते. प्राप्तीचा मोठा हिस्सा बक्षिशीतून येतो. पूर्वी शेवटच्या रात्री प्रवासी स्वहस्ते पाकीट देत. ते देणे टाळण्यासाठी नेमके शेवटचे जेवण चुकवणारे महाभागही असत. आता बहुतेक कंपन्या दर दिवसामागे ठरावीक रक्कम प्रवाशाच्या खात्यावर परस्पर लावतात आणि ती कर्मचाऱ्यांत वाटली जाते. पण काही जहाजांवर ही रक्कम कमी करून घेता येते. ‘भोजनगृहात चारच दिवस गेलो, मग सात दिवसांचे कशाला?’ असा सवाल घेऊन लोक काउंटरशी उभे राहतात. ज्या वाढप्याचे टेबल चुकवले, तोच सकाळी बुफेत त्यांच्यासमोर ऑम्लेटची बशी ठेवून गेलेला असतो, हे त्यांच्या गावीही नसते. टेबल रोज रिकामे राहू लागले तर वरिष्ठांचा पहिला प्रश्नही त्यालाच असतो: पाहुणे नाराज झाले काय?

यावर दुसरी बाजू आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. माणूस सहलीला येतो तो घड्याळ आणि हजेरीपट विसरण्यासाठी. वर्षभर घंटेवर जगणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला समुद्रावरही सहाच्या ठोक्याला जेवायला बसवणे हा छळ वाटला तर नवल नाही. बंदरात जहाज उशिरापर्यंत थांबणार असेल, तर त्या गावचे जेवण सोडून परत येणे हा तर शुद्ध करंटेपणा. ठेवणीतल्या पोशाखाची सक्ती असलेल्या रात्री कोट-टाय नको म्हणून कोणी बुफे पसंत केला, तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. कंपन्यांनीही हे ओळखले आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये ठरलेली वेळ आणि ठरलेले टेबल ही पद्धतच बाजूला ठेवली आणि इतर अनेक कंपन्यांनी तसा पर्याय दिला. ज्याला बंधन नको, त्याने आरक्षणाच्या वेळीच तो पर्याय घ्यावा. तक्रार आहे ती ठरलेले टेबल मागून घेऊन त्याला धर्मशाळेसारखे वागवणाऱ्यांविषयी.

जेवण चुकवण्याचा हक्क निर्विवाद आहे. त्यासोबत मौनाचा हक्क मात्र मिळत नाही. आदल्या रात्री उठताना ‘उद्या आम्ही नाही, आमच्यासाठी थांबू नका’ एवढे सोबत्यांना आणि वाढप्याला सांगितले की पुरते. कारण सांगावे लागत नाही आणि सोबत्यांनीही ते विचारू नये. ऐन वेळी बेत बदलला तर खोलीतल्या दूरध्वनीवरून निरोप देता येतो. सोबतच नकोशी असेल, तर पहिल्या-दुसऱ्या रात्रीच मुख्य वाढप्याला एकीकडे गाठून टेबल बदलून मागावे. अशा विनंत्या त्याला नव्या नसतात आणि तो कारणांचा खल करीत बसत नाही. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक उशीर झाल्यावर मात्र मधल्या पदार्थाला येऊन बसण्यापेक्षा त्या दिवशी बुफेच बरा. आणि चार रात्री गैरहजर राहिलेला माणूस पाचव्या रात्री परतला, तर त्याची खुर्ची त्याचीच असते. ती जागा पिशव्यांनी अडवून ठेवणारे सोबतीही जहाजांवर असतात.